कानसलेलं नाव

१

सोमवारी सकाळी डोरोथी पेंगली समोरच्या घरातून रस्ता ओलांडून आली ती काठी न घेताच. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला उल्काने असं चालताना कधी पाहिलं नव्हतं. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा तिने छातीशी धरला होता. स्वयंपाकघरात येऊन ती खुर्चीत बसली, डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "अक्षरं गेली."

डब्यात चांदीची दोन पदकं होती. डोरोथीचा पणजोबा जॉन पेंगली कंपनी सरकारच्या गोऱ्या पलटणीत शिपाई होता. एक पदक पंजाबच्या लढाईचं, दुसरं सत्तावनच्या बंडाचं. दुसऱ्यावर 'सेंट्रल इंडिया' अशी पट्टी होती, म्हणजे झाशी त्यात आलीच. पलटण सुटल्यावर जॉन मिशिगनमध्ये उत्तरेकडच्या तांब्याच्या खाणीत आला आणि तिथेच मेला. डबा इतकी वर्षं डोरोथीच्या भावाकडे होता. भाऊ गेल्यावर तो तिच्याकडे आला, पण तोवर तिच्या डोळ्यांपुढे कायमचं धुकं आलं होतं. कडेवर काय लिहिलंय ते तिला वाचता आलं नव्हतं. ती रोज रात्री अंगठा फिरवून ती अक्षरं नुसती चाचपायची.

उल्का रेगे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी इंजिनिअर होती. तुटलेला भाग हातात घ्यायचा आणि तो का तुटला, कोणाच्या चुकीने तुटला, हे शोधायचं, हे तिचं पंचवीस वर्षांचं काम. डेट्रॉईटजवळच्या नोव्हायच्या मराठी मंडळात कोणाचं काही बिघडलं की पहिला फोन तिला यायचा. आणि ही पदकं तर मंडळाच्या इतिहास प्रदर्शनासाठी तिनेच शब्द टाकून मागून आणली होती.

तिने ड्रॉवरमधून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. पंजाबचं पदक छत्तीस मिलिमीटरच्या किंचित वर भरलं, कडेवर जॉनचं नाव ठसठशीत होतं. झाशीचं पदक अर्ध्या मिलिमीटरहून जास्त कमी भरलं. त्याची कड कोरी होती. ती झिजलेली नव्हती, कोणीतरी कानस चालवून साफ केली होती, आणि तीही इतक्या सफाईने, की कडेचा काटकोन कुठेही मोडला नव्हता. वरच्या कडीच्या खोबणीत जराशी पांढरी भुकटी अडकली होती. उल्काने ती नखाने काढली आणि बोटं ओट्यावरच्या फडक्याला पुसली.

"पोलीस वगैरे मला नको," डोरोथी म्हणाली. "कोणी केलं आणि का केलं, एवढं मला कळलं पाहिजे."

चोरी झाली असती तर उल्काला एवढं लागलं नसतं. चांदीला हात न लावता कोणीतरी फक्त एका माणसाचं नाव मिटवलं होतं. तो चोर नव्हता. त्याला राग आला होता. आणि प्रदर्शनाच्या शनिवारी आणि रविवारी पदकं फक्त मराठी माणसांच्या हातात होती.

२

देवदत्त साठ्ये मंडळाचा अध्यक्ष. मंगळवारी संध्याकाळी उल्का त्याच्या घरी गेली तेव्हा त्याचा चेहरा आधीच उतरलेला होता. लायब्ररीने पुढच्या वर्षी हॉल नाही दिला तर, स्थानिक पेपरात आलं तर, असं बरंच काही तो बोलत राहिला. त्याची बायको शुभा चहा घेऊन आली आणि नवऱ्याला म्हणाली की आधी ती काय विचारते ते तरी ऐक.

उल्काने क्रम लावून घेतला. शनिवारी सकाळी तिने डबा थेट डोरोथीकडून हॉलमध्ये नेला. पदकांपुढचं कार्ड देवदत्तने लिहिलं होतं: 'शिपाई जॉन पेंगली याची दोन पदके.' कड उलटून बघितली होतीस का, असं विचारल्यावर तो म्हणाला की नाही, डोरोथीने फोनवर सांगितलं तेच उतरवलं. कार्यक्रम संपल्यावर बाकीच्या सामानाबरोबर डबा त्याच्या गाडीतून त्याच्या घरी आला आणि रविवार दुपारपर्यंत तळघरात पडून होता.

"रविवारी जेवण झाल्यावर मी तो तुझ्याकडे ड्रॉप केला. तू ग्रोसरीला गेली होतीस, काकांनी घेतला."

काका म्हणजे उल्काचे वडील, पुरुषोत्तम मणेरीकर. सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेले. उल्काने मान हलवली. रविवारी संध्याकाळी तिनेच तो डबा डोरोथीला परत दिला होता. तेवढ्यापुरती नोंद तिने केली आणि पुढचा प्रश्न विचारला. आपलं घर तिने हिशेबात धरलंच नाही.

तळघरात आश्लेषा राहायची. नागपूरची मुलगी, डेट्रॉईटच्या विद्यापीठात धातुशास्त्रात पीएचडी करणारी, साठ्यांची भाडेकरू. शनिवारी पदकांच्या टेबलाशी तीच उभी होती, आणि सगळ्यांसमोर तीच बोलली होती: ही झाशीत माणसं मारल्याची बक्षिसं आहेत, आणि आपण त्यांच्याखाली मखमल अंथरलीय. त्याआधी अर्धाच तास उल्काच्या वडिलांनी माइकवरून त्यांच्या पूर्वजाची गोष्ट सांगितली होती. विठोजी मणेरीकर झाशीच्या तटावर राणीच्या बाजूने लढता लढता पडला. टाळ्या थांबत नव्हत्या.

देवदत्तने आवाज खाली आणला. "तिच्या लॅबमध्ये पॉलिशिंगची मशिन्स आहेत. धातू घासणं हेच तिचं काम आहे."

उल्काच्या मनातही तेच येऊन थांबलं होतं.

३

बुधवारी साठ्यांच्या दिवाणखान्यात आश्लेषाला वर बोलावलं. ती लॅबमधून नुकतीच आली होती, पाठीवर सॅक तशीच होती. उल्काने सगळं शांतपणे मांडलं, ऑफिसच्या मीटिंगमध्ये मांडायची तसं. शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ डबा तिच्या खोलीपासून दहा पावलांवर होता. हत्यारं तिच्या रोजच्या वापरातली. रागाचं कारण तिने स्वतःच शंभर लोकांना सांगितलेलं.

उल्काचं संपल्यावर आश्लेषा म्हणाली, "ताई, मला जे वाटलं ते मी तोंडावर बोलले. लपून करायचं असतं तर बोलले कशाला असते?"

"बोलून भागलं नसेल," देवदत्त म्हणाला.

तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. सॅक उतरवली आणि एकेक वस्तू कॉफी टेबलावर काढून ठेवू लागली. लॅपटॉप, जेवणाचा डबा, इनहेलर, पाकीट, गावाकडच्या एका देवीचा छोटा फोटो. कोणी तिला सॅक दाखव म्हटलं नव्हतं. पण नको, राहू दे, असंही कोणी म्हटलं नाही. शुभा उठून आत गेली.

सगळं परत भरून झाल्यावर आश्लेषाने विचारलं, "त्या कडेवर नाव काय होतं, ते तुमच्यापैकी कोणी वाचलं होतं का?"

"काय असणार? जॉन पेंगली."

"मी विचारलं, वाचलं होतं का?"

देवदत्तने विषय तोडला. पोलिसांत गेलो तर तुझ्या व्हिसाचं काय होईल ते तुला माहीत आहे, तेव्हा वीकएंडपर्यंत खोली सोड, आम्ही प्रकरण इथेच संपवतो, असं तो म्हणाला. आश्लेषाचा हात पट्ट्यावर थांबला. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली, आणि उल्काने त्या भीतीला कबुली समजून घेतलं.

रात्री जेवताना तिने वडिलांना सगळं सांगितलं. ते मान खाली घालून आमटीभात कालवत राहिले. गेली बिचारी, एवढंच म्हणाले. नंतर त्यांनी ताक घेतलं नाही, याचं तिला जरा नवल वाटलं.

४

गुरुवारी ऑफिसला जायच्या आधी उल्का डोरोथीकडे गेली. एका मुलीने रागाच्या भरात केलं, ती इथून चालली आहे, आम्हा सगळ्यांना फार वाईट वाटतंय, असं तिने पाठ केल्यासारखं सांगितलं.

डोरोथीने डबा जवळ ओढला. मग म्हणाली, "तिला सांग, जॉनचा राग येणं मला समजतं. फक्त ते जॉनचं होतं की नाही, देव जाणे."

"म्हणजे?"

मग डोरोथीने जे सांगितलं ते तिच्या मते घरातल्या म्हाताऱ्यांची बडबड होती. तिची आजी जॉनची धाकटी सून. आजी सांगायची की सासऱ्यांना आम्ही झाशीच्या पदकासकट पुरलं, मी माझ्या हाताने ते त्यांच्या कोटाला लावलं. डब्यातलं दुसरं एका देशी शिपायाचं आहे, त्याने फेकून दिलेलं जॉनने उचललं, असंही म्हणायची. "पण शेवटी शेवटी आजी मलाच तिची बहीण समजायची. म्हणून मी मनावर घेतलं नाही."

उल्का तिथेच बसून राहिली. जॉनचं पदक जॉनबरोबर मातीत गेलं असेल, तर कानशीने काढलेलं नाव कोणाचं होतं? आणि झाशीचा राग असलेली मुलगी एका देशी शिपायाचं नाव कशाला मिटवेल?

आणखी एक गोष्ट होती, तीही आता बाजूला सारता येईना. लॅबच्या फिरत्या चकतीवर गोल पदक धरलं तर कड बोथट होते, जागोजागी सपाट होते. या पदकाचा काटकोन शाबूत होता. हे काम मशीनचं नव्हतं. वर्षानुवर्षं कानस धरलेल्या हाताचं होतं.

तिने पदक मागून घेतलं. अक्षर ठोकलं की त्याच्या खालचा धातूही दबतो, आणि वरून कितीही घासलं तरी तो दबलेला धातू ॲसिडला वेगळा रंग देतो. चोरीच्या इंजिनांचे खोडलेले नंबर असेच वाचतात. डोरोथीला विचारूनच तिने दुपारी कंपनीच्या लॅबमध्ये पातळ ॲसिडचा बोळा कडेवरून फिरवला आणि भिंगाखाली धरला. बाजारातल्या कोण्या कारागिराने एकेक ठसा हाताने ठोकलेला असावा, अक्षरं वाकडीतिकडी होती. राखेच्या रंगाची ती इंग्रजी अक्षरं हळूहळू वर आली. आधी 'सिपाय'. मग 'वित्तोजी'. मग इंग्रजाने कानाने ऐकून लिहिलेलं आडनाव, 'मुनारीकुर'.

लग्नाआधी तिचं स्वतःचं आडनाव तेच होतं.

५

वडील गॅरेजमध्ये होते. रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं फिटरच्या पोरांना शिकवलं होतं. इथे आल्यापासून शेजारपाजारच्या सायकली, खुर्च्या, गवत कापायची मशिन्स दुरुस्त करत दिवस काढायचे. भिंतीवर त्यांच्या कानशी ओळीने टांगलेल्या होत्या.

"बाबा, विठोजीचं नाव पदकावरून तुम्ही काढलंत?"

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. नाही म्हणाले नाहीत. स्टुलावर बसले आणि हात पुसत राहिले, हात स्वच्छ होते तरी.

मग त्यांनी सांगितलं. शनिवारी आवराआवर करताना शत्रूचं नाव तरी बघू म्हणून त्यांनी झाशीचं पदक उचललं आणि वाचायचं भिंग लावलं. तीनदा वाचलं. मणेरीकरांची घरं दोनच, आणि त्या काळातला विठोजी एकच. तो तटावर नव्हता. तो तटाच्या बाहेर होता, इंग्रजांच्या पलटणीत, आणि मेला नाही, पदक घ्यायला जिवंत राहिला. गावातल्या शाळेत त्याच्या नावाचा फलक होता, बसवताना पडदा बाबांनीच ओढला होता. दर पंधरा ऑगस्टला मुलं तिथे हार घालायची. स्वानंदीने, उल्काच्या लेकीने, कॉलेजच्या अर्जात त्याच्यावरच निबंध लिहिला होता, आणि तो उल्काने दोनदा सुधारून दिला होता. रविवारी डबा घरी आला तेव्हा बाबा एकटेच होते. दोन तास मिळाले.

"मी चोरी केली नाही, उल्का. पदक त्या बाईंचं होतं, ते ठेवलंच की. फक्त नाव काढलं. नाव आपलं होतं."

"आणि आश्लेषाचं नाव?"

त्यांनी बाकावरच्या शिकंजाचा दांडा रिकामाच फिरवला. "बुधवारी मी बोलणार होतो," ते म्हणाले. "खरंच बोलणार होतो. पण तू इतक्या खात्रीने सांगत होतीस. मला वाटलं, हिला पटलंय तर जाऊ दे. म्हातारपणी माणूस असा होईल असं वाटलं नव्हतं."

उल्काला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण भिंतीवरच्या सगळ्यात बारीक कानशीवर तिची नजर गेली, आणि दातांतला पांढरा खडू तिला दिसला. मऊ धातू घासताना कीस दातांत अडकू नये म्हणून बाबा कानशीला आधी खडू चोळायचे. दहा वर्षांची असताना त्यांनी तिला ते याच हातांनी शिकवलं होतं. तिने नजर काढून घेतली.

"शनिवारी सगळ्यांना डोरोथीकडे बोलावते," ती म्हणाली. "तुम्ही सांगायचं."

"सगळ्यांना?"

"तिला जितक्यांसमोर विचारलं तितक्यांना."

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, स्वानंदीलाही का? उल्का म्हणाली की स्वानंदीला मी सांगेन, तो निबंध मीही लिहिलाय.

६

आश्लेषाला तिने तीन मेसेज केले. तिसऱ्याला उत्तर आलं: किती वाजता?

शनिवारी डोरोथीच्या छोट्या बैठकीच्या खोलीत देवदत्त आणि शुभा सोफ्यावर अंग चोरून बसले होते. आश्लेषा दाराशीच उभी राहिली, कोट घालून. तिने तोवर डेट्रॉईटजवळ हॅमट्रॅमिकला तीन मुलींबरोबर जागा घेतली होती. बसायला सांगितलं तर म्हणाली, इथेच ठीक आहे.

पुरुषोत्तमकाका उभे राहून बोलले. इंग्रजी अडलं तिथे उल्काने सांगितलं. शिक्षकाची सवय, कुठेही पळवाट न शोधता त्यांनी क्रमाने सांगितलं: काय वाचलं, काय केलं, आणि बुधवारी मुलीवर आळ आल्याचं कळूनही कसे गप्प बसले. शेवटी ते आश्लेषाकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "मुली, मी तुझा गुन्हेगार आहे." तिने नजर खाली केली.

डोरोथीने विचारलं, "नाव काय होतं?"

"विठोजी मणेरीकर."

तिने म्हणून बघितलं, जमलं नाही. परत सांगा म्हणाली. काकांनी परत सांगितलं. तिला 'ठ' येईना. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं आणि तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फुटला, पण त्यांनी नाव पुरं केलं.

मग डोरोथीने ती आजीची गोष्ट सांगितली, देशी शिपायाने पदक फेकून दिल्याची. देवदत्त एकदम सरसावून बसला. म्हणजे शेवटी त्यालाही लाज वाटली, त्याने इंग्रजांचं पदक नाकारलं, ही तर फार मोठी गोष्ट झाली काका, असं तो म्हणू लागला. पुढच्या प्रदर्शनाचं कार्ड त्याच्या डोळ्यांपुढे तयार होत असलेलं दिसत होतं.

"नको," काका म्हणाले. "का फेकलं, फेकलं की विकलं, आपल्याला माहीत नाही. आता परत गोष्ट नको."

शुभाने खोली परत घे असं आश्लेषाला म्हणून बघितलं. आश्लेषा म्हणाली की आता डिपॉझिट भरलंय. डोरोथीने तिचा हात हातात घेऊन काहीतरी हळू सांगितलं, ते बाकीच्यांना ऐकू गेलं नाही. टेबलावर पदक होतं. ते आश्लेषाने उचललं, खिडकीशी नेऊन कड निरखली, परत ठेवलं आणि निघाली.

उल्का तिच्या मागोमाग ड्राइव्हवेवर गेली. पाठ केलेली माफी होती ती सगळी म्हणून झाली. आश्लेषाने ऐकून घेतली. गाडीचं दार उघडून ती थांबली.

"ताई, एक विचारू? त्या कडेचे कोपरे मी आत्ता पाहिले. मशीनचं काम नाही, हे कोणीही धातूचा माणूस एका नजरेत सांगेल. तुम्ही सोमवारीच पदक हातात घेतलं होतं. तुमचे बाबा फिटर. तुम्हाला सोमवारीच शंका आली होती ना?"

रस्त्यावर कोणी नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ते खोटं कोणालाच कधी कळलं नसतं. खडूची ती भुकटी फडक्याबरोबर केव्हाच धुतली गेली होती. सोमवारी ती दिसली तेव्हा गॅरेजमधल्या कानशी डोळ्यांपुढे आल्या होत्या, आणि पुढचा विचार यायच्या आत तिने नख चालवलं होतं. मग दोन दिवस दुसरं कोणीतरी शोधत राहिली, जे सापडलं तर बरं होईल असं कोणीतरी.

"हो," उल्का म्हणाली. "खडू होता. मी पुसून टाकला."

आश्लेषाने मान हलवली. तिला जे हवं होतं ते मिळालं असं काही तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. "हे आत सांगितलं नाहीत," एवढं बोलून ती गाडीत बसली. तिने गाडी मागे घेतली आणि वळणावरून दिसेनाशी झाली.

आत शुभा निघायची तयारी करत होती, देवदत्त कोटाची बाही शोधत होता. उल्काने दार मागे लावून घेतलं आणि त्यांना परत बसायला सांगितलं. बाबांनी वर बघितलं. त्यांच्याकडे न बघता, उभ्या उभ्याच, तिने सोमवारपासून सुरुवात केली.